घोड्याची सर्दी आणि जनुकांची पारख

घोड्याची ताकद त्याच्या पायांत असते असे आपण म्हणतो. ते खरेच आहे. पण पायांना जोर मिळतो तो छातीतून. घोडा धावतो तेव्हा त्याला फार हवा लागते. आणि एक गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते. घोडा तोंडाने श्वास घेत नाही. कुत्रा धापा टाकतो तेव्हा तोंड उघडून जीभ बाहेर काढतो. घोड्याला तसे जमत नाही. तो फक्त नाकाने श्वास घेतो. भरधाव धावताना तर एका झेपेला एक श्वास, असे त्याचे गणित ठरलेले असते.

म्हणून घोड्याचे नाक चोंदले किंवा घसा सुजला, तर त्याचे कामच थांबते. आणि घोडा थांबला की माणूसही थांबतो. माथेरानच्या डोंगरावर मोटारगाड्यांना बंदी आहे. तिथे घोड्यावर कितीतरी घरे चालतात. महाबळेश्वरला, पाचगणीला घोडेवाले आहेत. लग्नसराईत नवरदेवाला घोडी लागते. वीटभट्टीवर गाढवे आणि खेचरे राबतात. ती घोड्याचीच भावंडे. घोड्याचे बहुतेक रोग त्यांनाही होतात. अशा घरातले जनावर आठ दिवस उभे राहिले, तर चूल कशी पेटायची हा प्रश्न पडतो.

या लेखात आम्ही घोड्याच्या सर्दीखोकल्याविषयी सांगणार आहोत. विशेषतः तो खोकला कशाचा आहे हे आजकाल जनुकांची तपासणी करून कसे ओळखतात, ते सांगणार आहोत. नाव जड वाटते, पण गोष्ट अवघड नाही. करोनाच्या साथीत २०२० साली आपल्यापैकी पुष्कळांच्या नाकात काडी घालून नमुना घेतला होता ना? तीच ही तपासणी.

खोकला एक, कारणे अनेक

घोडा खोकतो, त्याला ताप चढतो, नाकातून पाणी गळते, तो चंदी खात नाही. एवढे आपल्या डोळ्यांना दिसते. पण एवढ्यावरून रोग कोणता ते ठरत नाही.

पहिला रोग म्हणजे घोड्यांचा फ्लू. इन्फ्लुएंझा असेही त्याला म्हणतात. हा विषाणूचा रोग आहे. विषाणू इतका बारीक असतो की साध्या सूक्ष्मदर्शक यंत्रातूनही तो दिसत नाही. फ्लूची लागण झाली की एक ते तीन दिवसांत घोड्याला ताप येतो. निरोगी घोड्याचे अंग सुमारे १०० ते १०१ अंश फॅरनहाइट असते. फ्लूमध्ये ते १०६ अंशांपर्यंत चढते. कोरडा, ठसका लागल्यासारखा खोकला येतो. खोकल्याबरोबर विषाणू हवेत उडतात आणि शेजारच्या घोड्याच्या नाकात शिरतात. म्हणून एक घोडा आज खोकला, तर चार दिवसांत सारी पागा खोकू लागते.

दुसरा रोग हर्पिस विषाणूचा. त्याच्या दोन जाती महत्त्वाच्या आहेत. त्यांना पहिल्या नंबरचा व चौथ्या नंबरचा हर्पिस म्हणतात. चौथ्या नंबरचा बहुधा सर्दीवरच भागवतो, आणि शिंगरांना जास्त होतो. पहिल्या नंबरचा मात्र वाईट. तो सर्दीने सुरू होतो आणि पुढे गाभण घोडी गाभडते. कधी कधी तो मज्जातंतूंवर जातो. मग घोड्याचे मागचे पाय लुळे पडतात.

तिसरे म्हणजे जंतूंचे रोग. हे विषाणू नव्हेत. स्ट्रँगल्स नावाच्या रोगात घोड्याच्या जबड्याखाली गाठी येतात, पिकतात आणि फुटतात. ग्लँडर्स हा तर फारच भयंकर. तो माणसालाही होतो. ग्लँडर्सचे जनावर ठेवता येत नाही, त्याला मारावे लागते. २००९ च्या कायद्याप्रमाणे असा रोग सरकारी पशुवैद्यांना कळवावाच लागतो.

आता पाहा. साध्या फ्लूला विश्रांती पुरते. हर्पिस असला तर गाभण घोड्या ताबडतोब वेगळ्या कराव्या लागतात. स्ट्रँगल्सवर जंतूंची औषधे असतात, ती विषाणूवर चालत नाहीत. ग्लँडर्स असला तर घरच्या माणसांच्या जिवाला धोका. चारही रोगांची सुरुवात मात्र ताप, शेंबूड आणि खोकला अशीच. मग ओळखायचे कसे?

एका खोकल्याने शहरे थांबली

हा रोग किती मोठा होऊ शकतो, ते १८७२ साली अमेरिका खंडात दिसले. त्या वर्षी शरद ऋतूत कॅनडातल्या टोरांटो शहराजवळ घोडे आजारी पडू लागले. तेव्हा मोटारी नव्हत्या. शहरातला माल, ट्रामगाड्या, आगीचे बंब, सारे घोड्यांवर चाले. काही महिन्यांत हा रोग जवळजवळ साऱ्या उत्तर अमेरिकेत पसरला. घोडे फारसे मेले नाहीत, पण उभे राहिले. रस्ते ओस पडले, माल धक्क्यावर पडून राहिला. त्याच नोव्हेंबरात बोस्टन शहराला मोठी आग लागली. बंब ओढायला घोडे नव्हते, म्हणून माणसांनी ते हाताने ओढत नेले. तो घोड्यांचा फ्लू होता असे आज मानतात. त्या वेळी मात्र विषाणू नावाची वस्तू कोणाला माहीतच नव्हती.

जुनी रीत

पुढे विषाणूंचा शोध लागला. १९५६ साली प्राग शहरात आणि १९६३ साली अमेरिकेतल्या मायामीत घोड्यांच्या फ्लूचे दोन प्रकार सापडले. पैकी मायामीचा प्रकार आजही घोड्यांना छळतो. त्याला एच ३ एन ८ असे नाव आहे.

विषाणू ओळखण्याची जुनी रीत अशी. घोड्याच्या नाकातला नमुना घ्यायचा आणि तो कोंबडीच्या उबवणाऱ्या अंड्यात टोचायचा. विषाणू जिवंत असला तर तो अंड्यात वाढतो. पण याला दिवसच्या दिवस लागतात. वाटेत विषाणू मेला, तर हाती काहीच येत नाही.

दुसरी रीत रक्ताची. आजार सुरू होताच एकदा रक्त घ्यायचे, आणि दोनतीन आठवड्यांनी पुन्हा घ्यायचे. शरीर रोगाशी लढते तेव्हा रक्तात लढाऊ द्रव्ये तयार होतात. दुसऱ्या खेपेला ती खूप वाढलेली दिसली, म्हणजे तो रोग होऊन गेला असे ठरते. रीत खात्रीची आहे. पण उत्तर येईपर्यंत घोडा बरा होतो आणि साथ दहा गावे पुढे गेलेली असते. वरातीमागून घोडे म्हणतात तसेच हे.

जनुक म्हणजे काय?

प्रत्येक सजीवाच्या अंगात त्याची कुळकथा लिहिलेली असते. डोळ्यांचा रंग, केसांचा रंग, अंगाची ठेवण, हे सारे त्या लिखाणाप्रमाणे होते. या लिखाणाच्या एकेका भागाला जनुक म्हणतात. हे लिखाण शाईने लिहिलेले नसते. ते चार प्रकारच्या द्रव्यांचे बनलेले असते. ही चार द्रव्ये म्हणजे चार अक्षरे समजा. त्यांची माळ लांबच लांब असते. अक्षरे चारच, पण क्रम वेगळा. म्हणून घोडा हा घोडा आणि आंबा हा आंबा.

विषाणूलाही असे लिखाण असते. फ्लूच्या विषाणूचे लिखाण आठ तुकड्यांत असते. त्यातला काही मजकूर असा असतो की तो फ्लूशिवाय दुसरीकडे कुठेच सापडत नाही. शाळेच्या जुन्या दाखल्यावर मुलाच्या अंगावरची खूण लिहीत. डाव्या गालावर तीळ, उजव्या हातावर व्रण. नावाची दोन मुले असतील, पण खूण एकाचीच. जनुकांच्या तपासणीत अशी खूणच शोधतात.

एकाचे दोन, दोनाचे चार

अडचण एवढीच की नमुन्यात विषाणू फार थोडे असतात. पोत्यात एक मोहरी शोधावी तसे. मग शास्त्रज्ञांनी युक्ती काढली. मोहरी शोधत बसण्यापेक्षा तिच्या इतक्या नकला काढायच्या की पोते मोहरीनेच भरून जाईल. ही युक्ती अमेरिकेतल्या कॅरी म्युलिस यांना १९८३ साली सुचली. तिच्यासाठी त्यांना १९९३ साली नोबेल पारितोषिक मिळाले. या युक्तीला पीसीआर म्हणतात.

ती अशी चालते. जनुकाची माळ दोन पदरी असते. वेणीचे दोन पेड असतात तशी. नमुना ९५ अंश सेल्सिअसपर्यंत तापवला की दोन्ही पदर सुटे होतात. मग तो सुमारे ६० अंशांपर्यंत निववतात. आता जनुकाचे दोन छोटे तुकडे आपले काम करतात. ते प्रयोगशाळेत तयार करून आधीच नळीत टाकलेले असतात. ते खुणेच्या मजकुराशी जुळतील असेच बनवलेले असतात. नमुन्यात ती खूण असली, तर ते तिथे जाऊन चिकटतात. नसली तर चिकटत नाहीत. साऱ्या तपासणीची मेख इथे आहे. नंतर एक पाचक द्रव्य त्या चिकटलेल्या जागेपासून पुढची नक्कल लिहीत जाते. एका माळेच्या दोन माळा होतात.

पुन्हा तापवा, पुन्हा निववा. दोनाच्या चार. मग आठ, मग सोळा. दहा फेऱ्यांत एकाच्या १,०२४ नकला होतात. वीस फेऱ्यांत दहा लाखांवर जातात. तीस फेऱ्यांत १०७ कोटींवर! आणि याला महिने लागत नाहीत. यंत्र हे काम एकदोन तासांत करते.

तुम्ही विचाराल, इतक्या उकळत्या पाण्यात ते पाचक द्रव्य नासत नाही का? चांगला प्रश्न आहे. आपल्याकडे वज्रेश्वरीला गरम पाण्याची कुंडे आहेत. तशीच, पण फार कढत कुंडे अमेरिकेत यलोस्टोन नावाच्या रानात आहेत. त्या कढत पाण्यात मजेत राहणारा एक जंतू सापडला. त्याचे पाचक द्रव्य उकळत्या पाण्यातही टिकते. तेच या कामी वापरतात.

फ्लूच्या बाबतीत एक पायरी जास्त असते. त्याचे लिखाण एकपदरी आणि वेगळ्या धाटणीचे असते. त्याला आरएनए म्हणतात. आधी त्याची दोन पदरी नक्कल करून घ्यावी लागते. म्हणून त्या तपासणीच्या नावात आरटी ही अक्षरे आधी जोडतात. हर्पिसचे लिखाण मुळातच दोन पदरी असते. तिथे ही पायरी लागत नाही.

नकला झाल्या हे कळते कसे? नळीत एक रंगद्रव्य असते. नकला वाढल्या की ते चमकू लागते आणि यंत्र ती चमक मोजते. विसाव्या फेरीतच चमक दिसली तर विषाणू भरपूर होते असे समजावे. पस्तिसाव्या फेरीत दिसली तर थोडेच होते. चमक आलीच नाही, तर ती खूण नमुन्यात नव्हती.

नमुना कसा घेतात?

यंत्र कितीही चांगले असले तरी नमुना वाईट असेल तर उत्तर वाईटच येणार. घोड्याचे नाक लांब. म्हणून हातभर लांब काडी लागते. तिच्या टोकाला बोळा असतो. पशुवैद्य ती काडी नाकपुडीतून आत घशाच्या वरच्या बाजूपर्यंत नेतात, फिरवतात आणि काढतात. नाकाच्या तोंडाशी बोळा पुसून भागत नाही. बोळा लगेच खास पातळ द्रव्यात बुडवतात आणि बर्फाच्या पेटीतून प्रयोगशाळेत पाठवतात. हर्पिसचा संशय असला तर रक्तही घेतात, कारण तो विषाणू रक्तातही फिरतो.

वेळ महत्त्वाची आहे. ताप आल्यावर पहिल्या एकदोन दिवसांत नमुना घेणे सर्वांत चांगले. फ्लूचा विषाणू नाकात आठदहा दिवसच असतो, आणि सुरुवातीला सर्वांत जास्त असतो.

कटऱ्याची साथ

आता आपल्या देशातली हकीकत. जम्मूजवळ कटरा नावाचे गाव आहे. तिथून वैष्णोदेवीची डोंगरवाट सुरू होते. वाट सुमारे १३ किलोमीटरची. चालवत नाही असे यात्रेकरू घोड्यावर, खेचरावर बसून जातात. जून २००८ मध्ये तिथली जनावरे खोकू लागली.

घोड्यांच्या फ्लूची मोठी साथ आपल्याकडे त्याआधी १९८७ साली आली होती. मधल्या वीस वर्षांत नवी जनावरे जन्मली. त्यांच्या अंगात या रोगाशी लढायची तयारी नव्हती. त्यामुळे साथ भरभर पसरली आणि पुढच्या वर्षापर्यंत देशाच्या अनेक राज्यांत पोहोचली.

हरियाणात हिसार येथे राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्र आहे. तिथल्या शास्त्रज्ञांनी नमुने तपासले. हा एच ३ एन ८ फ्लूच आहे हे त्यांनी ठरवले. मग त्यांनी विषाणूचे लिखाण अक्षर अन् अक्षर वाचले. विषाणूला नाव देण्याची एक पद्धत आहे. नावात जनावर, गाव, नमुन्याचा क्रमांक आणि साल येते. त्यामुळे या साथीतल्या विषाणूंच्या नावांत जम्मू-कटरा, म्हैसूर, अहमदाबाद अशी गावे आली. १९८७ च्या विषाणूच्या नावात लुधियाना आहे. नवे लिखाण जुन्या लुधियानाच्या लिखाणाशी ताडून पाहिले, तेव्हा विषाणू पुष्कळ बदललेला दिसला. त्याच सुमारास चीन आणि मंगोलियात सापडलेल्या विषाणूंशी त्याचे नाते जवळचे निघाले.

याचा उपयोग काय? उपयोग मोठा आहे. लस जुन्या विषाणूची असली तर नव्यावर ती कमी पडते. कुलूप बदलले तर किल्ली बदलावी लागते. म्हणून हिसारच्या केंद्राने कटऱ्याचा विषाणू घेऊन नवी लस तयार केली.

ऑस्ट्रेलियाने साथ कशी निपटली

ऑस्ट्रेलियात २००७ पर्यंत घोड्यांचा फ्लू कधीच नव्हता. त्या वर्षी ऑगस्टमध्ये जपानहून आणलेल्या घोड्यांबरोबर तो आला. बाहेरून आलेले घोडे आधी वेगळ्या जागी ठेवण्याची तिथे सोय होती. पण तिथून विषाणू निसटला. पुढे चौकशी झाली. ये-जा करणाऱ्या माणसांच्या अंगावरून किंवा सामानावरून तो बाहेर गेला असावा, असे चौकशीत निघाले. हात धुणे, कपडे बदलणे हे नियम नीट पाळले गेले नव्हते.

ऑगस्टच्या अखेरीस सिडनीच्या घोड्यांत रोग सापडला. सरकारने घोड्यांची ने-आण बंद केली. शर्यती थांबल्या. सुमारे १०,००० ठिकाणी मिळून ७० हजारांच्या आसपास घोडे आजारी पडले. पण जनुकांची तपासणी हाताशी होती. कुठला तबेला बाधित, कुठला निरोगी, हे तेव्हाच्या तेव्हा कळत असे. बाधित तबेला बंद ठेवायचा, भोवतालच्या घोड्यांना लस टोचायची, असे काम चालले. डिसेंबर संपता संपता नवे रोगी मिळेनासे झाले. २००८ साली देश पुन्हा फ्लूमुक्त जाहीर झाला. इतकी पसरलेली साथ मुळासकट उपटली गेली.

त्याच देशातली दुसरी हकीकत सावध करणारी आहे. १९९४ साली ब्रिस्बेन शहराच्या हेंड्रा भागात एका तबेल्यातले घोडे धाप लागून मेले. त्यांची देखभाल करणारा माणूसही दगावला. तो अगदी नवा विषाणू निघाला. वटवाघळांकडून तो घोड्यांना आणि घोड्यांकडून माणसांना झाला होता. पुढच्या पंधरा वर्षांत सात माणसांना त्याची लागण झाली आणि चार मेली. त्यांत पशुवैद्यही होते. हा विषाणू ऑस्ट्रेलियाबाहेर आढळलेला नाही. पण आजारी घोड्याला उघड्या हाताने हाताळू नये, हा धडा सर्वांनाच घेण्यासारखा आहे.

तपासणीलाही मर्यादा आहेत

ही तपासणी देवाचा कौल नव्हे. जे विचाराल तेवढेच ती सांगते. फ्लूची खूण शोधा म्हटले तर ती हर्पिसविषयी बोलणार नाही. म्हणून पशुवैद्य एकाच नमुन्यात फ्लू, दोन्ही हर्पिस आणि स्ट्रँगल्स अशा अनेक खुणा एकदम शोधायला सांगतात.

उत्तर 'नाही' आले म्हणून रोग नाहीच, असे नसते. नमुना उशिरा घेतला किंवा नीट घेतला नाही, तरी 'नाही' येते. उलट, मेलेल्या विषाणूचे तुकडे नाकात राहिले तरी उत्तर 'आहे' असे येते. हर्पिस तर एकदा अंगात शिरला की जन्मभर दडून बसतो. घोडा दमला, दूर प्रवास झाला की पुन्हा डोके वर काढतो. म्हणून अंगावरची लक्षणे आणि तपासणीचा कागद, दोन्ही पाहून पशुवैद्य निर्णय देतात.

हर्पिसला हलके समजू नये. फेब्रुवारी २०२१ मध्ये स्पेनमधल्या व्हॅलेन्सिया शहरी घोड्यांच्या उड्यांच्या स्पर्धा चालू होत्या. तिथे पहिल्या नंबरचा हर्पिस शिरला. कित्येक घोड्यांचे पाय लुळे पडले. साथ लक्षात येईपर्यंत काही घोडे आपापल्या देशी परतले होते. या साथीत १८ घोडे दगावले आणि युरोपातल्या अनेक देशांत काही आठवडे स्पर्धा बंद ठेवाव्या लागल्या.

तुमचा घोडा खोकू लागला तर

कुणी म्हणेल, "एवढी तपासणी कशाला? चार दिवसांत बरा होईल की!" होईलही. पण त्या चार दिवसांत बाजारात नेलेला तुमचा एक घोडा शंभर घोड्यांना रोग देऊन येईल. सारंगखेड्याच्या किंवा माळेगावच्या यात्रेत गावोगावचे घोडे एका दावणीला उभे राहतात. तिथे एका खोकल्याची किंमत किती घरांना मोजावी लागेल, याचा विचार करा. दुखणे लपवून घोडा विकला, तर चार पैसे सुटतात खरे. पण पुढच्या हंगामात तोच रोग आपल्या दारी येतो.

म्हणून एवढे करा.

१. खोकणारा घोडा लगेच वेगळा बांधा. त्याची बादली, तोबरा, खरारा वेगळा ठेवा.

२. आधी निरोगी जनावरांचे काम करा, मग आजाऱ्याचे. हात साबणाने धुवा.

३. त्याच दिवशी गुरांच्या दवाखान्यात कळवा. नमुना घ्यावा का, ते पशुवैद्यांना विचारा.

४. मनाने औषध देऊ नका. जंतूंवरची औषधे विषाणूला मारत नाहीत.

५. धूळ नसलेली जागा, ताजी हवा, ओलसर वैरण आणि भरपूर पाणी द्या.

६. खोकला थांबला म्हणून लगेच कामाला जुंपू नका. आतली सोललेली श्वासनळी भरून यायला तीन आठवडे तरी लागतात. घाई केली तर घोडा कायमचा धापेचा होतो. गाढवाला तर हा रोग घोड्याहून जड जातो.

७. लस वेळेवर टोचून घ्या.

घोड्याला बोलता येत नाही. कुठे दुखते ते तो सांगू शकत नाही. त्याच्या नाकातला एक बोळा ते सांगतो. तो वेळेवर पोहोचवणे एवढेच काम आपल्याकडे आहे.

विचार करा व सांगा

१. फ्लू, हर्पिस व ग्लँडर्स यांत फरक काय? तो लवकर कळला तर काय फायदा होतो?

२. एका नकलेच्या पाच फेऱ्यांत किती नकला होतील? हिशेब करा.

३. कटऱ्याच्या साथीनंतर नवी लस का करावी लागली?

४. तुमच्या गावात घोडे, गाढवे, खेचरे किती आहेत? सर्वांत जवळचा गुरांचा दवाखाना किती लांब आहे?